वैरागडे मॅडम आणि रिकामी बरणी

"पंखे बंद."

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेतून एवढे दोन शब्द आले की सगळ्या मजल्याला कळायचं, वैरागडे मॅडमकडे तुकडा आला. ज्यांनी वर्ध्याचा मे महिना काढलाय त्यांना पंखे बंद म्हणजे काय ते सांगायला नको. पण मॅडमचा तराजू इतका हळवा होता की समोर कुणी उसासा टाकला तरी बिचकायचा, आणि त्यावर ठेवायचा तो माणसाच्या आतड्याचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. बरं, सावकाश तोलू म्हटलं तर त्या उष्णतेत तो दाणा बघता बघता वाळायचा आणि वजन उतरायचं. म्हणजे श्वास रोखून घाई करायची. ही कसरत मॅडमना जन्मजात येत असावी, कारण त्यांचं एकूण जगणंच त्या पद्धतीचं होतं. घामाच्या धारा लागलेल्या, पदर कमरेला खोचलेला, डोळे तराजूवर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्याला वाटावं, बाईंच्या घरी आज कार्य आहे.

मी त्यांच्या शेजारच्या पॅथॉलॉजी विभागात होतो. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, थोडा आखडू आणि बराचसा आळशी. मॅडम मला कधीच नावानं हाक मारत नसत. "अहो पॅथॉलॉजी," म्हणायच्या. शल्यविभागाचे प्रमुख म्हणजे "अहो सर्जरी". त्यांच्या लेखी नाव असायचं ते फक्त रोग्याला, आणि ते त्या एकदा ऐकलं की विसरत नसत.

मूळच्या हिंगणघाटच्या. बुटक्या, गोल चष्मा, डाव्या चपलेचा अंगठा कायम सेफ्टी पिनेनं जोडलेला, कारण त्या चालत नसत, पळत. वर्गात शिकवताना भाषा अगदी पुस्तकी. पण आनंद झाला की ती भाषा सरळ हिंगणघाटची गाडी पकडायची. लांबून नुसतं "मले" ऐकू आलं की आम्ही ओळखायचो, बाईंचं काहीतरी जमलंय.

त्यांना काय जमवायचं होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय त्या कळणार नाहीत. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, दिवसातून अनेकदा रक्त पडतं, माणूस वाळत जातो, असा एक आजार आहे. त्यावर सल्फासॅलाझिनच्या पिवळ्या गोळ्या देत. या गोळीत दोन औषधं एकमेकांना बांधलेली असतात. मोठ्या आतड्यातले जंतू ती गाठ सोडतात. मग एक अर्धं, सल्फाचं, रक्तात निघून जातं. दुसरं अर्धं आतड्यातच राहतं, आणि खरं काम तेच करतं असं सत्तरच्या दशकाच्या शेवटी जगाला नुकतं कुठं कळू लागलं होतं. डॉक्टर रक्त तपासायचे, औषध सापडलं की समाधान मानायचे. मॅडमना ते पसंत नव्हतं.

"गोळी पोटात गेली हे कोणीही सांगेल," त्या म्हणायच्या. "जागेवर पोचली का, ते सांगा."

जागेवर पोचलं का, हा त्यांचा पालुपदासारखा प्रश्न. शिपाई चहा देऊन आला की, "जागेवर पोचला का?" विद्यार्थ्यानं उत्तर दिलं की, "ठीक आहे, पण तुझ्या डोक्यात जागेवर पोचलं का?" आतड्याच्या भिंतीतलं औषध मोजल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही असं त्यांनी ठरवलं, आणि झपाटल्यासारख्या त्या मागे लागल्या.

हे दुसरं अर्धं औषध विशिष्ट प्रकाशात चमकतं. ती चमक मोजायचं एक यंत्र कुणी परदेशी दात्यानं आमच्या कॉलेजला दिलेलं होतं आणि ते भांडारात गाद्यांच्या ढिगाखाली पेटीतच पडलं होतं. मॅडमनी स्वतः गाद्या उचलल्या. यंत्र सुरू झालं, पण काटा नाचत राहिला. कारण शोधत त्या फाटकाबाहेरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचल्या. गिरणी सुरू झाली की आमच्याकडची वीज खाली जायची. दुसऱ्या कुणी तक्रार केली असती. मॅडम पिठानं माखलेल्या त्या गिरणीवाल्यासमोर स्टुलावर बसल्या आणि त्याला माणसाचं मोठं आतडं समजावून सांगितलं, अगदी चित्र काढून. तो इतका भारावला की रोज दुपारी गिरणी थांबवून जेवायला जाऊ लागला. तेवढी आमची मोजायची वेळ. संध्याकाळी कुणी दळण घेऊन गेलं की तो आधी विचारायचा, मॅडमचा काटा आज थांबला का.

सराव मात्र माणसावर करता येत नव्हता. म्हणून वर्ध्याच्या खाटकाकडून बकऱ्याचं आतडं यायचं. आमचा परिसर कडक शाकाहारी, अंडंसुद्धा चोरून आणणारे लोक. मॅडम स्वतः माळकऱ्याच्या घरातल्या. ते आतडं त्या बर्फ घातलेल्या स्टीलच्या डब्यातून आणत, आणि तो डबा जेवणाच्या डब्यांसारखाच दिसायचा. एका दुपारी भुकेल्या सर्जरीसाहेबांनी तो आपला समजून उघडला. बराच वेळ आत बघत राहिले. मग अत्यंत सभ्यपणे म्हणाले की मॅडम, भाजी शिजायची राहिलेली दिसते. सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत. साहेबांचा हात आत लागला का, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, कारण हात लागला असला तर वजन चुकणार होतं.

आणि पेढ्यांचं प्रकरण. एका सकाळी "मले दिसलं, मले दिसलं" करत त्या कॉरिडॉरमधून पळाल्या, चपलेची पिन उडाली. पहिल्या रोग्याच्या तुकड्यात जोरदार चमक होती. दुपारपर्यंत साऱ्या कॉलेजात पेढे वाटून झाले. संध्याकाळी त्यांनी सहज एक रिकामी नळी, नुसतं पाणी घातलेली, यंत्रात ठेवली, आणि तीही तशीच चमकली. परिचरानं मन लावून नळ्या स्वच्छ केल्या होत्या, पण कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीनं. ती पावडरच चमकत होती. दुसऱ्या दिवशी मॅडम प्रत्येक विभागात गेल्या आणि प्रत्येकाला सांगितलं, काल सांगितलं ते चूक, साबण होता. काही जणांनी पेढे परत मागता का असं विचारलं. त्यांनी ते खरंच मनावर घेतलं नाही. तेव्हापासून आधी रिकामी नळी, मग रोग्याची, हा नियम झाला. पण त्यांच्या काट्यावरचा लोकांचा विश्वास साबणात वाहून गेला तो गेलाच.

पुढे पाच-सहा रोग्यांच्या तुकड्यांत खरी चमक मिळाली. त्यासाठी सर्जरीसाहेबांशी भांडून त्यांनी एक गोष्ट मान्य करून घेतली होती. तुकडा घ्यायच्या आधी रोग्याला एनिमा द्यायचा नाही. आतडं धुतलं की औषधही धुतलं जातं. साहेब कुरकुरले की घाणीत मला दिसत नाही, पण ऐकलं. तुकड्याचा अर्धा भाग मला सूक्ष्मदर्शकासाठी आणि अर्धा मॅडमना. माझा फॉर्मॅलिनमध्ये, त्यांचा बर्फात. या अर्ध्यावरून आमची दर वेळी बाचाबाची व्हायची आणि दर वेळी मोठा अर्धा त्याच नेत.

अशात आंजी गावाहून गुलाबराव आले.

आंजीत घर, घरातच हातमाग. तरुणपणी आश्रमात विणकाम शिकलेले, तेव्हापासून खादीच विणत आलेले. उंच, ताठ, पांढरेशुभ्र कपडे, आणि त्या कपड्यांच्या आत नुसती हाडं. रक्त पडायचं थांबत नव्हतं. गोळ्या नियमानं चालू होत्या. त्यांची बायको यशोदाबाई समोर बसून गिळायला लावत असे. रक्त तपासलं, चाचणीत सल्फाचा गुलाबी रंग भरपूर. म्हणजे माणूस औषध खातोय, गाठही सुटतेय, तरी गुण नाही. सर्जरीसाहेबांनी निर्णय घेतला की मोठं आतडं काढून टाकायचं, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं आणि तिथं पिशवी लावायची. त्या काळात तसं करणं योग्यच होतं. आणखी रक्त गेलं असतं तर शस्त्रक्रियाही झेपली नसती.

गुलाबरावांनी शांतपणे ऐकलं. एकच विचारलं.

"साहेब, ते पिशवी पोटावर कोठी येईन?"

साहेबांनी बोट ठेवून दाखवलं. गुलाबराव आपल्या पोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तठीसाच तं मागाचा रूळ टेकते जी."

खड्ड्याच्या मागावर बसलेला विणकर पाहिला असेल तर लक्षात येईल. पाय खाली खड्ड्यात, आणि विणलेलं कापड ज्यावर गुंडाळलं जातं तो लाकडी रूळ अगदी पोटाला लागून. दिवसभर त्यावर रेलून काम. पिशवी लागली की माग संपला. मॅडम तिथं उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी गुलाबरावांचा तुकडा मोजला. रिकामी नळी, काटा स्थिर. आधीच्या रोग्याची नळी, काटा वर. गुलाबरावांची नळी, काटा जागचा हलला नाही. पुन्हा एकदा तुकडा घेतला, पुन्हा तेच. रक्तात औषध भरपूर आणि आतड्याच्या शेवटच्या भागात, जिथं जखमा होत्या तिथं, शून्य. लोक म्हणाले, मॅडमचं यंत्र, मागच्या वेळी साबण, या वेळी आणखी काही. सोमवारची शस्त्रक्रिया ठरली. माझ्या संग्रहालयासाठी असं अख्खं आतडं अजून मिळालेलं नव्हतं, म्हणून मी भांडारातून नवीकोरी मोठी काचेची बरणी मागवून टेबलावर ठेवली. पॅथॉलॉजीवाल्याचा तो रिवाजच असतो. मॅडम आल्या, बरणी पाहिली, आणि कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं.

त्या खुर्चीत बसल्या. चक्क बसल्या.

"औषध निघते, रक्ताच्या गावात येते, अन् आतड्याच्या घरी जात नाई," त्या म्हणाल्या. "काऊन जात नाई? मले गुलाबरावचं घर पाह्यचं हाये. उठा पॅथॉलॉजी."

त्यांचं वऱ्हाडी आनंदाशिवाय ऐकायची ती माझी पहिलीच वेळ. रविवार होता. एस्टीनं आंजीला गेलो. वाटभर त्या खिडकीबाहेर कपाशीकडे बघत होत्या आणि मी काही बोललो की हात वर करून थांबवत होत्या.

गुलाबराव मागावरच होते. उद्या पोट कापायचं, म्हणून आज अर्धवट राहिलेलं पातळ पुरं करायला बसलेले. धोटा इकडून तिकडे धावत होता, आणि इतका थकलेला माणूस इतक्या वेगानं हात चालवतो हे मला खरं वाटेना. यशोदाबाईंनी चहा टाकला. मॅडमनी आधी गोळ्यांचा डबा पाहिला, मग स्वयंपाकघर पाहिलं, काय खातात, पाणी कुठलं, वैद्याचं काही चालू आहे का, सगळं विचारून घेतलं. काही सापडेना. तेवढ्यात त्यांची नजर मागाशेजारच्या भिंतीवर गेली. खुंटीला एक पांढरा एनॅमलचा डबा टांगलेला होता, त्याला खाली रबरी नळी, आणि डबा असा घासलेला की देवाचा तांब्या वाटावा.

"यशोदाबाई, हे काय?"

"ते व्हय? त्यायचा एनिमाचा डबा. रोज सकाळी अन् सांजच्याले घेतेत. आश्रमात होते तवापासून."

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. गुलाबरावांनी धोटा थांबवला आणि काहीशा अभिमानानं सांगितलं की जमाना झाला, एक दिवस चुकला नाही. आजार झाल्यावर तर पाणीही वाढवलं, पोट आतून स्वच्छ राहावं म्हणून.

"डॉक्टरले सांगलं काऊन नाई?" मॅडमनी विचारलं.

"कोणं इचारलंच नाई जी. औषध काय काय घेता, असं इचारलं. हे काय औषध होय? हे तं तोंड धुतल्यावानी."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या त्या परिसरात निसर्गोपचाराचं वारं लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात होतं. कितीतरी ज्येष्ठ प्राध्यापकांच्या मोरीत असाच डबा टांगलेला असायचा. सर्जरीसाहेब स्वतः दर एकादशीला घेत. म्हणूनच तो कुणाला विचारण्याजोगा वाटला नव्हता. दवाखान्यात एनिमा देऊ नका म्हणून मॅडम भांडल्या होत्या, आणि गुलाबराव पहाटे घरीच धुऊन, पहिली एस्टी पकडून, स्वच्छ होऊन येत होते. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात गाठ सुटत होती, सल्फा रक्तात जात होता, आणि कामाचं अर्धं औषध खाली उतरेपर्यंत दोन्ही वेळचं पाणी त्याला धुऊन नेत होतं.

मॅडम मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. यशोदाबाई घाबरल्या. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, इतका आनंद मला स्वतःच्या कुठल्याही शोधानं कधी झाला नाही.

"गुलाबराव," त्या म्हणाल्या, "तुमी रोज सडा घालून राह्यले, अन् मी म्हणतो रांगोळी काऊन दिसत नाई."

परत आल्या त्या थेट सर्जरीसाहेबांच्या घरी. साहेब जेवत होते. मी दारातच थांबलो, कारण हे भांडण मोठं होणार असं मला वाटलं. साहेबांनी मुद्दा लगेच ओळखला, एकादशीचं त्यांना माहीत होतंच. पण ते डॉक्टर होते, त्यांनी विचारलं की मी थांबलो आणि मधल्या काळात रक्त जाऊन तो गेला तर? ती भीती खरी आहे, हे मॅडमनी कबूल केलं. मग ठरलं की गुलाबरावांना आपल्या नजरेसमोर वॉर्डात ठेवायचं, डबा बंद, गोळ्या चालू, आणि आठवड्यानं तुकडा. काटा हलला नाही तर दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया, मग मॅडमनी एक शब्द बोलायचा नाही.

त्या आठवड्यात मॅडम दोन-दोनदा वॉर्डात जात. गुलाबराव बेचैन. डबा नाही म्हणजे अंग मळकं वाटतं, झोप लागत नाही. दोनदा तर त्यांनी यशोदाबाईंना गुपचूप डबा आणायला सांगितलं आणि दोन्ही वेळा यशोदाबाईंनी मॅडमना येऊन सांगितलं.

तुकडा आला त्या दुपारी पंखे बंद झाले तेव्हा खोलीत सर्जरीसाहेबही होते, घामानं निथळत. गिरणी थांबली. रिकामी नळी ठेवली, काटा स्थिर. मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं ना, अशा अर्थानं. मग गुलाबरावांची नळी. काटा थरथरला आणि उठला. फार नाही, पण उठला आणि तिथंच राहिला. मॅडमनी नळी काढली, पुन्हा रिकामी ठेवली, पुन्हा गुलाबरावांची. पुन्हा उठला.

"पोचलं," त्या म्हणाल्या. "साहेब, पोचलं जी जागेवर."

त्यांनी सर्जरीसाहेबांना साहेब म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीतलं नाव खोडायला सांगून निघून गेले. त्यांच्याइतका मोकळा झालेला माणूस मी पाहिला नाही.

यापुढे मॅडमचं डोकं खरं चाललं ते गुलाबरावांच्या बेचैनीवरून. डब्याशिवाय हा माणूस राहणार नाही, घरी गेला की पुन्हा धुणार, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी डबा काढून घेतला नाही, उलट परत दिला. फक्त आतलं बदललं. गोळ्यांची वस्त्रगाळ पूड, वाटीभर कोमट पाणी, रात्री झोपताना डाव्या कुशीवर घ्यायचं आणि धरून ठेवायचं. धुवायचं नाही, धरायचं. परदेशात असं करू लागलेत हे त्यांनी वाचलं होतं, पण तिकडच्या रोग्यांना हे शिकवावं लागतं. आमचा रोगी त्यात जन्मभराचा पारंगत होता. महिन्याभरात रक्त थांबलं. गोळ्या सुटल्या नाहीत, आजार मधूनमधून डोकं वर काढायचा, पण आतडं पोटात राहिलं.

माझी बरणी रिकामीच राहिली. एक दिवस ती टेबलावरून गायब झाली. मी परिचराला बोललो, भांडारात विचारलं. मॅडमना विचारायचं सुचलं नाही.

त्या निवृत्त होऊन हिंगणघाटला भावाकडे गेल्यावर त्यांची माझी गाठ एकदाच पडली. ऐंशीची मधली वर्षं असावीत. एका कामानं आंजीला गेलो होतो, म्हटलं गुलाबरावांना भेटावं. दाराशी पोचलो तर आतून मागाचा आवाज येत होता, पण अडखळत, मध्येच तुटत. बघतो तर मागावर गुलाबराव नव्हतेच. पाय खड्ड्यात सोडून मॅडम बसल्या होत्या, पदर खोचलेला, चष्मा नाकावर, तसाच घाम, तसाच तो घरी कार्य असल्याचा आनंद. त्यांनी पाच-सात धागे तोडून ठेवले होते. शेवटी गुलाबरावांनी त्यांना हाताला धरून उठवलं, आपण बसले आणि धागे सांधू लागले. आता अंग भरलं होतं. रूळ पोटाला टेकला होता.

"मॅडम, कांडी द्या जी एक," ते म्हणाले.

मॅडमनी शेजारून सुताची कांडी उचलून त्यांच्या हातात दिली. ती कुठून उचलली ते पाहिलं आणि मी दारातच थांबलो. मागाशेजारी, डब्याच्या खुंटीखाली, माझी ती काचेची मोठी बरणी होती. तोंडापर्यंत पांढऱ्या सुताच्या कांड्या भरलेली.

मी बरणीकडे पाहतोय हे मॅडमच्या लक्षात आलं. गुलाबराव कांडी धोट्यात बसवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. मग हसल्या, आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "पोचली ना जागेवर?"